घर माझं, गिऱ्हाईक शेजाऱ्यांच्या पसंतीचं?



घर विकायला काढलं की इथला एजंट पहिल्याच भेटीत शेजाऱ्यांची चौकशी करतो. बाजूचं गवत वेळेवर कापलं जातं का, कुत्रं रात्री भुंकतं का, समोरच्या ड्राइव्हवेत ती बंद पडलेली गाडी किती वर्षं उभी आहे. यावर उपाय असतात. शेजाऱ्याशी गोड बोलावं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर ओपन हाऊसच्या आदल्या दिवशी त्याचं गवत आपणच कापून द्यावं. मला लिहायचं आहे ते निराळ्या शेजाऱ्यांबद्दल. ज्यांचं गवत नीट कापलेलं असतं, आणि तरीही आपण आपलं घर कोणाला विकावं हे ठरवण्याचा हक्क ज्यांना हवा असतो, त्यांच्याबद्दल.

मी सेंट लुईसमध्ये राहते. शहराच्या उत्तर भागात लाबाडी अव्हेन्यूवर ४६०० क्रमांकाचं एक साधं दुमजली विटांचं घर आहे. १९११ साली तिथल्या ३९ पैकी ३० मालकांनी एका करारावर सह्या केल्या की पुढची ५० वर्षं या घरांत 'नीग्रो किंवा मंगोलियन' वंशाच्या माणसाला राहू द्यायचं नाही. १९४५ मध्ये शेली नावाच्या काळ्या कुटुंबानं ते घर घेतलं, तेव्हा क्रेमर दांपत्य कोर्टात गेलं. मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयानं क्रेमरना उचलून धरलं. अखेर १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ६-० असा निकाल दिला की असले करार सरकारी न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत. नऊपैकी तीन न्यायमूर्ती या खटल्यात बसलेच नाहीत. ते घर आता राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे.

आपल्याकडे पार्टीत हा विषय निघाला की तो गोऱ्या-काळ्यांचा म्हणून सोडून दिला जातो. त्यांनी करारातला दुसरा शब्द वाचावा. 'मंगोलियन' म्हणजे आशियातले लोक. आणि भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्यापुरता गोरा नाही, हे याच सर्वोच्च न्यायालयानं १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवून टाकलं होतं.

शिवाय १९४८ च्या निकालानं कोर्टाचा दरवाजा बंद झाला, शेजाऱ्यांचा नाही. १९५२ मध्ये सिंग शेंग या चिनी गृहस्थांनी साउथ सॅन फ्रान्सिस्कोमधल्या साउथवुड भागात घर घ्यायचं ठरवलं. विरोध होतोय म्हटल्यावर त्यांनी शेजाऱ्यांनाच मत द्यायला सांगितलं. त्यांचा लोकशाहीवर विश्वास होता. विरोधात १७४, बाजूनं २८. त्यांनी दुसरीकडे घर पाहिलं. विरोधकांचं मुख्य कारण होतं ते आजही ऐकू येणारं: आमचं वैयक्तिक काही नाही हो, पण घरांचे भाव पडतात.

भाव पडतात हे विधान तपासता येतं, आणि तपासलं गेलंही आहे. लुइजी लॉरेन्टी यांनी १९६० मध्ये सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि फिलाडेल्फियातल्या वस्त्यांची तुलना प्रसिद्ध केली. बहुसंख्य ठिकाणी गोरेतर कुटुंबं आल्यानंतर किमती स्थिर राहिल्या किंवा वाढल्याच. जिथे पडल्या तिथे काय घडत होतं? दलाल घरोघर जाऊन गोऱ्यांना घाबरवत, त्यांची घरं पडेल भावात घेत आणि तीच काळ्या कुटुंबांना चढ्या भावात विकत. सरकारी गृहकर्ज हमी देणाऱ्या खात्याच्या १९३८ च्या नियमपुस्तिकेत तर असे वंशबंदीचे करार असणं चांगलं मानलं होतं, म्हणजे मिश्र वस्तीला कर्ज मिळणं मुळातच कठीण. तराजूच्या पारड्यावर बोट ठेवायचं आणि मग वजन वाचून दाखवायचं, असला हा प्रकार. माझ्या प्रयोगशाळेत कोणी असं केलं तर त्याला घरी पाठवतील.

हे सगळं मी इतक्या तपशिलानं वाचलं त्याला कारण पुण्यातला आमचा फ्लॅट. आई गेल्यावर आम्ही भावंडांनी तो विकायला काढला. भाव पटला, बँकेचं कर्ज मंजूर झालं, घेणारे डॉक्टर दांपत्य. आडनाव मुसलमान. दोन दिवसांत सोसायटीतून फोन आला. बोलणारे काका परके नव्हते. आईच्या शेवटच्या आजारात रात्री-अपरात्री औषधं आणून देणारे होते. "ताई, तुम्ही तिकडे असता, राहायचं आम्हाला आहे. उद्या आमच्या फ्लॅटला गिऱ्हाईक येणार नाही." धाकटा भाऊ म्हणाला, कशाला वाकड्यात शिरायचं, दुसरं कोणी मिळेल. मी म्हटलं, काकांचे उपकार आहेत ते माझ्यावर, त्या डॉक्टरांवर त्याचा बोजा का?

आम्ही त्यांनाच विकला. महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदा याबाबतीत सोसायटीच्या नव्हे, अर्जदाराच्या बाजूचा आहे. पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. आमच्या वरचा फ्लॅट पुढे चांगल्या भावात गेला. एका फ्लॅटवरून अनुमान काढायचं नसतं हे मला ठाऊक आहे, पण काकांनी तेवढीही आकडेवारी दिली नव्हती.

भारतातला कायदा सगळीकडे असा स्वच्छ नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, गुजरातच्या सहकार कायद्याखाली, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणारी उपविधी मान्य केली. तिथेही अडलेला होता तो संस्थेचाच एक सभासद, ज्याला बंगल्याच्या जागी फ्लॅट बांधून ते बाहेरच्यांनाही विकायचे होते. अल्पसंख्य समाजाला आपली वस्ती टिकवावीशी वाटणं मी समजू शकते. पण त्याच युक्तिवादाचा आधार उद्या शंभरातले नव्वद घेतील, तेव्हा उरलेल्या दहांनी राहायचं कुठे?

आपल्या पिढीच्या हातात आता आईवडिलांचे फ्लॅट येताहेत आणि आपण ते कुलमुखत्यारपत्र देऊन लांबून विकतो. ब्रोकर हळूच विचारतो, "कोणीही चालेल, की आपल्यातलेच बघू?" फोनवर "तुम्हीच बघा" म्हटलं की झालं, नाव पाहून गिऱ्हाइकं परस्पर गळतात. इथे वंश किंवा धर्म पाहून घर नाकारणं १९६८ पासून बेकायदा आहे, त्या कायद्याच्या आश्रयानं आपण हव्या त्या शाळेच्या हद्दीत घरं घेतली. (आणि इथलं घर विकताना रांगोळीचा फोटो पाठवणाऱ्या कुटुंबालाच द्यावंसं वाटतं, तेही याच कायद्यात बसत नाही.)

तेव्हा ब्रोकरला पहिल्याच ई-मेलमध्ये लेखी कळवा की आडनाव, जात, धर्म, खाणंपिणं पाहून एकही गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. सोसायटी 'ना हरकत' मागेल. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरणाला ती लागत नाही हे घेणाऱ्यालाही सांगून ठेवा. मेन्टेनन्सची बाकी आधी चुकती करा, म्हणजे अडवायला ते निमित्त नको. आणि सभासदत्वाच्या अर्जाची पोच सही-शिक्क्यानिशी, तारीख घालून घ्या. सोसायटीनं घ्यायला नकार दिला तर पोच मिळेल अशा रीतीनं स्पीड पोस्टानं पाठवा. तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे असतात.