हलकेफुलके म्हणे!

बासू चटर्जींचं नाव निघालं की आमचे साहेब हात झटकून म्हणतात, "अहो, हलकेफुलके सिनेमे ते!" जणू गृहस्थ पापड लाटत होता. (पापड तरी एकदा लाटून बघावेत साहेबांनी.) २०२० साली बासूदा गेले, हा शेरा काही जात नाही.

अठरा वर्षं 'ब्लिट्झ'मध्ये व्यंगचित्रं काढून हा माणूस सिनेमात आला. १९७५च्या 'शोले'त गब्बर धडाधड माणसं मारत होता, आणि १९७६च्या 'छोटी सी बात'मध्ये अमोल पालेकर (तेही एके काळी बँकेतलेच बरं का!) बसस्टॉपवर नुसते उभे. विद्या सिन्हाशी बोलायचं कसं, एवढाच प्रश्न. ना खून, ना दरोडा. एका माणसाच्या भिडस्तपणावर अख्खं थिएटर खिळवून ठेवायचं, हे हलकं काम? दरोडेखोराशी दोन हात परवडले; रांगेतल्या मुलीला "किती वाजले?" एवढं विचारून दाखवा! मला दोन वर्षांत जमलं नाही. शेवटी ती एका स्कूटरवाल्याच्या मागे बसून गेली. सिनेमातल्या असरानीकडेही स्कूटरच होती.

पण त्या अरुणला निदान खंडाळ्यात शहाणं करून सोडणारे अशोककुमार भेटले. आम्हाला भेटले ते साहेब!