तार पोहोचली, सेवा कधी पोहोचणार?

मोबाईलचे बिल भरताना शहरातील ग्राहक त्यातला एक छोटा वाटा खेड्यांतील दूरसंचारासाठी देत असतो, याची जाणीव फार थोड्यांना असते. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील पाच टक्के रक्कम सार्वत्रिक सेवा निधीसाठी घेतली जाते आणि हा भार अखेर ग्राहकाच्याच खिशावर पडतो. २००२ पासून चालत आलेल्या या निधीला २०२३ च्या दूरसंचार कायद्याने 'डिजिटल भारत निधी' असे नाव दिले. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडणारी 'भारतनेट' योजना याच निधीवर उभी आहे. तेव्हा या पैशाचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार शहरी वाचकालाही आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये योजनेला मंजुरी दिली, तेव्हा सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात पहिल्या एक लाख पंचायतींचे काम पूर्ण झाल्याची घोषणा व्हायला डिसेंबर २०१७ उजाडले. तार टाकण्याचे काम बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रीड या तीन सार्वजनिक उपक्रमांकडे आणि त्यांच्यावर देखरेखीसाठी आणखी एक सरकारी कंपनी, अशी ही रचना होती. ती कंपनीही बीएसएनएलमध्ये विलीन करण्याचा निर्णय २०२२ मध्ये घ्यावा लागला.

विलंब हा सरकारी योजनांचा जुनाच आजार आहे. खरा दोष त्याहून खोल होता. तालुक्यापासून पंचायतीपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच सरळ मार्ग टाकला गेला. रस्तारुंदीकरणाच्या खोदकामात तो एका जागी तुटला, की पलीकडच्या सर्व पंचायती एकाच वेळी बंद पडणार, हे उघड होते. शिवाय प्रगती मोजली गेली ती किलोमीटरमध्ये आणि जोडलेल्या पंचायतींच्या आकड्यात. जोडलेली पंचायत महिन्यातले किती दिवस प्रत्यक्ष चालू असते, हा प्रश्न अहवालाच्या तळाशीच राहिला.

याची किंमत खेड्यांतील माणूस मोजतो. रेशन दुकानात अंगठा उमटवायचा तर ई-पॉस यंत्राला नेटवर्क हवे; सातबाराचा उतारा ऑनलाइन मिळतो, पण तो काढून देणाऱ्या केंद्राची जोडणी बंद असेल तर शेतकऱ्याचा दिवस आणि गाडीभाडे दोन्ही वाया जातात. कागदी व्यवहार मागे पडल्यावर बंद पडलेली तार म्हणजे बंद पडलेले सरकारी कार्यालयच होय.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेटला मंजुरी दिली. त्यात सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार जाळे आहे. एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते. तसेच जाळे उभारणाऱ्यावरच दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. उशिरा का होईना, धडा घेतला गेला, असे म्हणावे लागेल.

राज्यांनी मात्र केवळ दिल्लीकडे पाहत बसू नये. भारतनेटच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने 'महानेट'च्या रूपाने हे काम स्वतःच्या हाती घेतले होते. केरळने त्यापुढे जाऊन वीज मंडळाच्या खांबांवरून 'के-फॉन' हे राज्याच्या मालकीचे जाळे नेले आणि जून २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन केले. वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी हे तिथले उद्दिष्ट. पहिल्या टप्प्यात ठरली ती चौदा हजार कुटुंबे. इच्छाशक्ती असली तरी पंचायतीपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा किती अवघड असतो, याचा हा दाखला आहे.

स्टॉकहोम महापालिकेने १९९४ मध्ये काढलेली कंपनी वेगळा मार्ग दाखवते. ती इंटरनेट विकत नाही. आपली फायबर सर्व सेवादात्यांना समान अटींवर भाड्याने देते. मालकी सार्वजनिक आणि सेवेत स्पर्धा, ही विभागणी आपल्याकडेही शक्य आहे. त्यासाठी प्रत्येक पंचायतीची जोडणी महिन्यात किती तास चालू होती, हे जाहीर झाले पाहिजे आणि देखभालीचे पैसे त्याच हिशेबाने मिळाले पाहिजेत. जाळ्याच्या उद्घाटनाची फीत एकदाच कापली जाते. तुटलेली तार जोडण्याचे काम मात्र रोजचे असते. सरकारची परीक्षा तिथेच आहे.