पहिली जुनी आगगाडी घेताना

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणतो. पण मोल मोजून आणलेली वस्तू पहिल्याच आठवड्यात रुसून बसली, की हौसच मरते. खेळण्यातल्या जुन्या आगगाड्या जमवू पाहणाऱ्यांचे नेमके असेच होते. देखणे इंजिन घरी येते, चार फुटांवर थांबते आणि मग कायमचे शोकेसमध्ये जाऊन बसते. म्हणून पहिली गाडी दिसायला साधी असली तरी चालेल, पण ती धावणारी हवी.

सर्वांत आधी बघायचे ते गेज. आम्हा इंदूरकरांना हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि खंडव्याहून इंदूरला रेल्वे आली, ती मीटरगेज. खंडव्यावरून जाणारी मुंबईची लाइन मात्र ब्रॉडगेज. त्यामुळे कित्येक पिढ्यांनी खंडव्याला वळकट्या, डबे आणि पोरेबाळे उतरवून गाडी बदलली. खेळण्यांतही तोच प्रकार. 'ओ' गेजच्या रुळांमध्ये ३२ मिलिमीटरचे अंतर असते, तर 'डबल ओ' आणि 'एच-ओ' यांच्या रुळांमध्ये साडेसोळा. दिसेल ती गाडी उचलली, तर घरातच खंडवा जंक्शन होते!

दुसरी गोष्ट विजेची. हॉर्नबी डब्लोच्या गाड्या १९३८ मध्ये आल्या, त्या तीन रुळांच्या. दोन रुळांच्या डब्लो १९५९ पासून मिळू लागल्या. दोन्हींना १२ व्होल्ट डीसी लागते, पण एकीचे इंजिन दुसरीच्या रुळांवर तसेच चालत नाही. जर्मनीच्या मार्क्लिनच्या जुन्या गाड्या एसीवर चालतात. साधे डीसी इंजिन तिच्या रुळांवर ठेवले तर मोटार जळू शकते. म्हणून एक गेज, एक वीजपद्धत आणि शक्यतो एकच कंपनी हे आधी ठरवावे आणि मगच पाकिटाला हात घालावा.

आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींना नातवासाठी गाडी घ्यायची होती. त्यांच्यापुढे दोन गाड्या होत्या. एक महायुद्धापूर्वीची, लालचुटूक आणि महाग. दुसरी १९६०च्या सुमाराची ट्रायँगची, प्लॅस्टिकच्या अंगाची. गुरुजींचे मन पहिलीवर जडले होते आणि पैसा पेन्शनीचा होता. मी म्हटले, "गुरुजी, दुसरी घ्या." कारण सोपे आहे. ट्रायँगने तीच ती मोटार वर्षानुवर्षे अनेक इंजिनांत बसवली. त्यामुळे तिचे कार्बन, स्प्रिंगा आणि चाके आजही मिळतात. मोटार उघडी असते, साध्या स्क्रूड्रायव्हरने सुटते आणि नातवालाही शिकवता येते. विजेची भानगडच नको असेल तर हॉर्नबीची चावीची 'ओ' गेज गाडी बरी. ती १९२० पासून निघाली.

युद्धापूर्वीच्या गाड्यांत एक छुपा रोग असतो. त्यांचे काही भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असत. त्यात शिशाची भेसळ राहिली असेल, तर काही वर्षांनी तो भाग फुगतो, त्याला भेगा पडतात आणि शेवटी भुगा होतो. त्याला औषध नाही. म्हणून इंजिन उलटे करून चाके आणि सांगाडा भिंगातून पाहावा. केसाएवढी जरी भेग दिसली, तरी नमस्कार करून परत द्यावे.

मग इंजिन चालवून बघावे. नुसते पळाले म्हणजे झाले नाही, ते ओढते का ते बघायचे. पाताळपाणीच्या घाटात मीटरगेजच्या गाडीला मागून दुसरे इंजिन लावावे लागे. आपल्या इंजिनाने निदान तीन डबे तरी वळणावरून न अडखळता ओढले पाहिजेत. पाच मिनिटांत ते चटका बसण्याइतके तापले, तर मोटारीचे चुंबक क्षीण झाले असण्याचा संभव असतो. चावीच्या गाडीची चावी हलक्या हाताने द्यावी. कटकट आवाज करून ती सटकत असेल, तर स्प्रिंग गेलेली समजावी. विकणारा परगावचा असेल, तर गाडी चालतानाची चित्रफीत मागवावी. तो टाळाटाळ करू लागला, तर काय ते समजावे.

घरी आणल्यावर तीन पथ्ये पाळावीत. जुना ट्रान्सफॉर्मर वापरू नये. त्याच्या वायरींचे रबर तडकलेले असते आणि पलीकडे २३० व्होल्ट असतात. तेल शिवणयंत्राचे आणि एकच थेंब; खोबरेल मुळीच नको, ते आमच्या इंदूरच्या थंडीत थिजते. आणि रंग कितीही उडालेला असो, नवा देऊ नये. त्याने गाडीची किंमत घटते. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तोंडात वस्तू घालणाऱ्या बाळापासून ती दूर ठेवावी.

पैसे खर्च करण्याआधी पुण्याला गेलात, तर कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय जरूर पाहा. ते १९९८ साली सुरू झाले. एच-ओ मापाचे अख्खे शहर तिथे चालते. ग्वाल्हेरच्या जयविलास महालातली, जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडीही बघण्यासारखी आहे. ती बघून डोळे निववावेत, पण घरी मात्र एक इंजिन, दोन-तीन डबे आणि रुळांचे एक कडे एवढेच आणावे. ते वर्षभर रोज धावले, तर दुसरे इंजिन कुठले घ्यायचे ते तुमचे तुम्हालाच कळेल.