घरचे व्यवहार : पैसे घ्यावयाचे, मग पिन कशाला?

विठ्ठलवाडी स्टेशनापासून पांच-सात मिनिटांच्या वाटेवर आमचे एक स्नेही राहतात. तिघां भावांचें एकत्र कुटुंब. थोरले बंधु बँकेंतून निवृत्त झालेले, मधले कल्याणच्या न्यायालयांत वकिली करणारे. अशा घरांत कोणी फसेल, असें आम्हांस कोणीं सांगितलें असतें तर आम्हीं तें मानलें नसतें. पण गेल्या पावसाळ्यांत धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं कॉलेजच्या फीसाठीं आपला कॅमेरा विकावयास काढला आणि छत्तीस हजार रुपये गमावले. कॅमेरा मात्र घरांतच राहिला! वस्तु हातची न जातां विकणारा बुडावा, हा या नव्या ठकबाजीचा विशेष होय.

झालें तें असें. मुलानें कॅमेऱ्याचें चित्र व ६२,००० रुपये किंमत जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर दिली. अर्ध्या तासांत फोन आला. बोलणारा स्वतःस लष्करांतील जवान म्हणवीत होता. ओळखपत्राचें चित्रही त्यानें पाठविलें. बदली झाल्यामुळें स्वतः येणें जमणार नाहीं, माणूस येऊन कॅमेरा नेईल, पैसे आधींच देतों, असें त्याचें म्हणणें. एका रुपयाचीही घासाघीस त्यानें केली नाहीं. आमच्या मतें संशय यावयास एवढें पुरें होतें. मेथीची जुडी घेतांना आपण दोन रुपये कमी करून मागतों. बासष्ट हजारांची जुनी वस्तु न पाहतां, मागितल्या भावानें घेणारा भेटला तर तें गिऱ्हाईक नव्हे, हें घरांतील आजींनीं तेव्हांच ओळखलें असतें. पण आजींना कोणीं विचारलेंच नव्हतें.

खात्रीसाठीं म्हणून प्रथम पांच रुपये आले, ते खरोखरच खात्यांत जमा झाले. मग तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन, क्यूआर कोड, आला. तो मोबाइलनें टिपून पिन घातला कीं उरलेली रक्कम जमा होईल, असें सांगण्यांत आलें. पिन घातला, १८,००० रुपये गेले. ‘चुकून उलट झालें, परत करतों,’ असें म्हणून दुसरा चौकोन आला, आणि आणखी १८,००० गेले.

मुलगा अगदींच भोळा होता असें वाचकांनीं समजूं नये. फेब्रुवारी २०२१ मध्यें दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कन्या जुना सोफा विकावयास गेल्या व याच रीतीनें ३४,००० रुपये घालवून बसल्या. त्या तर आयआयटींत शिकलेल्या. यूपीआयची सोय २०१६ सालीं आली. ती आपण हातानें वापरावयास शिकलों, परंतु तिच्यांत पिनचें काम कोणतें, हें नीट कोणी समजून घेतलें नाहीं. पिन घालणें म्हणजे ‘माझ्या खात्यांतून पैसे काढा’ अशी बँकेस सही करून देणें. पैसे येण्यास पिन लागत नाहीं, चौकोन टिपावा लागत नाहीं, कांहींच करावें लागत नाहीं. एका व्यक्तीनें दुसरीकडे यूपीआयवर रकमेची मागणी धाडण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, हें बरें झालें. पण आपणच चौकोन टिपून पिन घालूं लागलों तर कोण अडविणार?

दुसरीही एक गोष्ट वकील बंधूंनीं आम्हांस सांगितली, ती आम्हांस नवी होती. पैसे खरोखर आले तरी ते कोणाच्या नांवच्या खात्यांतून आले, हें पाहावें. चोरीचा पैसा फिरवीत फिरवीत आपल्या खात्यांत आला, तर तपासाच्या कामीं आपलेंच खातें गोठविलें जातें, आणि मग आपण केवळ कॅमेरा विकला हें सिद्ध करीत बसावें लागतें. म्हणून मूळ पावती, वस्तूवरील क्रमांक आणि घेणाऱ्याच्या सहीचा कागद जपून ठेवावा. पैसे भरल्याचें चित्र वा संदेश गिऱ्हाइकानें दाखविला तर त्यावर जाऊं नये. आपल्या खात्यांतील शिल्लक स्वतः पाहावी.

परंतु आम्हांस जें अधिक लागलें तें पुढेंच आहे. मुलगा तीन दिवस कोणापाशीं बोलला नाहीं. अशा प्रसंगीं केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें लागतें. रक्कम ज्या बँकेंत पोंचली असेल तेथें ती अडवून धरतां येते, पण ती कोणी काढून घेतली नसेल तरच. येथें प्रश्न तासांचा, आणि मुलानें दिवस घालविले. कां? तर थोरले काका रोज रात्रीं जेवतांना वर्तमानपत्रांतील अशा बातम्या वाचून दाखवीत व ‘शिकलेलीं गाढवें’ म्हणून हंसत. सगळी पंगत हंसे, मुलगाही हंसे. आपल्यावर तीच पाळी आली असतां त्यानें कोणत्या तोंडानें सांगावें? अखेर चौथ्या दिवशीं आजींनीं विचारलें, “अरे, पानावर बसून नुसता भात चिवडतोस, झालें काय?” तेव्हां तो रडला. तक्रार झाली, पण पैसे खात्याखात्यांतून केव्हांच निघून गेले होते.

हें सांगतांना थोरल्या बंधूंचा आवाज खालीं आला. आमच्याही घरीं असेंच बोलणें चालतें, हें आम्हांस येथें कबूल केलें पाहिजे.

फी काकांनीं भरली. दिवाळीच्या सुमारास उल्हासनगरचा एक छायाचित्रकार घरीं आला. त्यानें तासभर कॅमेरा उलटसुलट करून पाहिला, कांचेवरील एक चरा दाखवून पुष्कळ घासाघीस केली, आणि ५१,००० वर सौदा ठरला. दुसऱ्या दिवशीं काका, पुतण्या व तो असे तिघे बँकेंत गेले; त्याच्याच खात्यांतून रक्कम जमा झालेली पाहून मगच कॅमेरा त्याच्या हातीं दिला. त्यानें केलेली घासाघीस पाहून आजी मात्र आदल्याच दिवशीं निश्चिंत झाल्या होत्या, आणि त्यांनीं त्याला दुसरा कप चहा दिला होता.