आधी शरीर, मग मॉडेल

माझी पदवी मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. यात नवल काही नाही, वर्गातल्या बहुतेकांचं हेच झालं. अडचण पुढची आहे. काही वर्षं कोड लिहिला की वाटायला लागतं, बुद्धी म्हणजे कोडच. यंत्राचं शरीर ही नुसती खोळ. मॉडेल पुरेसं मोठं केलं की बाकीचं आपोआप होईल. ऑफिसात चहाबरोबर मी हे रोज ऐकतो. मला ते साफ चुकीचं वाटतं.

२०१९मध्ये ओपनएआयनं यंत्राच्या हाताला रुबिक क्यूब सोडवायला लावला. कुठली बाजू कधी फिरवायची, हे जुन्या पद्धतीनंच काढलं होतं. शिकायचं होतं ते क्यूब न पाडता एका हातात फिरवणं. त्यासाठी सिम्युलेशनमध्ये सुमारे १३ हजार वर्षांइतका सराव झाला. तरी सर्वांत अवघड मांडणीत यश १०० पैकी २० वेळा.

त्याच्या नऊ वर्षं आधी, २०१०मध्ये, कॉर्नेल आणि शिकागो विद्यापीठं व आयरोबॉट इथल्या संशोधकांनी एका रबरी फुग्यात कॉफीची पूड भरली. फुगा वस्तूवर दाबला की सैल पूड तिच्याभोवती बसते. आतली हवा ओढून घेतली की दाणे एकमेकांत अडकून घट्ट होतात आणि वस्तू उचलली जाते. कच्चं अंडंसुद्धा. कॅमेरा नाही, मॉडेल नाही, सराव नाही.

दोन्ही कामं सारखी नाहीत, मान्य. उचलणं वेगळं आणि बोटांत खेळवणं वेगळं. पण वस्तूच्या आकाराशी जुळवून घ्यायला कडक बोटांना जे गणित करावं लागतं, ते फुग्याला करावंच लागलं नाही. ते पदार्थानंच उरकलं. ऑक्टोपसकडे पाहा. त्याच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी निम्म्याहून जास्त त्याच्या भुजांमध्ये असतात. निसर्गानं सगळं डोक्यात कोंबलेलं नाही.

मग मशीन लर्निंग टाकाऊ का? मुळीच नाही. मऊ रबर कुठंही वाकतं, ताणतं; आधी कसं ताणलं होतं, यावर त्याचं पुढचं वागणं अवलंबून असतं. त्याचं समीकरण मांडताना घाम फुटतो. शिवाय आपण अंडं धरलंय की बल्ब, हे त्या फुग्याला ठाऊक नसतं. इथं सेन्सर हवेत, शिकणंही हवं. २०१९मध्येच एमआयटीच्या एका गटानं साध्या विणलेल्या हातमोज्यावर ५४८ सेन्सर बसवले. मोज्याचा खर्च सुमारे १० डॉलर. तो घालून माणसानं २६ वस्तू हाताळल्या आणि दाबाच्या नकाशांवरून न्यूरल नेटवर्क त्या ओळखायला शिकलं. इथं मॉडेल शरीराचं ऐकतंय. त्याची जागा तीच.

मजकूर आणि फोटो इंटरनेटवर आयते सापडले, म्हणून मॉडेलं एवढी वाढली. स्पर्श तसा आयता मिळत नाही. सीताफळ पिकलंय का, हे अंगठ्याला कळतं. पण तो दाब कुणी अपलोड केलेला नाही. तो गोळा करायला दाबणारं आणि दाबताना स्वतःही दबणारं काहीतरी लागतं. मोठं मॉडेल ही उणीव भरून काढू शकत नाही.

आणि आम्ही काय शिकलो? आमच्या कॉलेजात रोबोटिक्स म्हणजे कडक सांध्यांची मॅट्रिक्सं. रबराचा विषय निघाला तो गॅस्केटपुरता. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सिम्युलेशनमध्ये केला तरी गुण तेवढेच मिळायचे आणि हातही घाण व्हायचे नाहीत. मीही तेच केलं. त्याची आता लाज वाटते.

तुम्ही शेवटच्या वर्षाला असाल, तर एवढं करा. फुगा, कॉफीची पूड, मोठी सिरिंज, नळीच्या तोंडाला बांधायला फडकं. एका पिझ्झाहून स्वस्त. मी मागच्या रविवारी केलं. पहिला फुगा फुटला आणि फरशीभर कॉफी सांडली. दुसऱ्यानं पेनाचं टोपण उचललं, मग सोडून दिलं. कुठं चुकलं हे पाहायला लॉग नव्हता. फुगा हातात घेऊन चाचपला, तेव्हा कळलं की गाठीतून हवा आत येतेय.