रांगोळीवरचं कुंकू कोणी वाहायचं?

वसुबारस आली की नामपूरच्या बाजारात रंगांचे ढीग लागतात. छापे, ठिपक्यांचे कागद, आणि आता तर चिकटवायच्या तयार रांगोळ्यासुद्धा! अंगणं गेली, फरशी आली. शेणसड्याच्या जागी गेरूचा पट्टा आला. हे सगळे बदल आपण सहज पचवले. एक मात्र अजून पचत नाही.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. एकवीस ठिपक्यांची रांगोळी कागद न बघता काढतात. आम्ही साऱ्या त्यांच्याकडूनच शिकलो. पण यजमान गेल्यापासून त्या लोक उठायच्या आत रांगोळी काढतात आणि बाजूला होतात. गेल्या लक्ष्मीपूजनाला मी गेले, तेव्हा शेवटची रेघ चालली होती. म्हणाल्या, "रांगोयी मी काढी. कुकू तू लाव, माय." आणि समाजकार्य करणारी मी, निमूटपणे हळदी-कुंकू वाहून मोकळी झाले! घरी आल्यावर दिव्यांकडे बघवेना.

मैत्रिणींनो, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. केवढी मोठी गोष्ट! पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. शिवाय ठराव बोलतो तो मुख्यतः त्या एका दु:खाच्या दिवसाबद्दल. त्यानंतर दरवर्षी येणाऱ्या वसुबारसेचं, पाडव्याचं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं काय? तिथे ना सरपंच असतो, ना ग्रामसेवक. उंबऱ्याशी असतो आपण: सासू, जाऊ, शेजारीण. तिथला ठराव आपल्यालाच करावा लागेल.

गंमत बघा. तिच्या हाताची रांगोळी लक्ष्मीला चालते, तिच्या हातचा फराळ चालतो, मग चिमूटभर कुंकवानेच काय बिघडतं?

यंदा मी करंडा मावशींच्या हातात देणार आहे. जबरदस्ती नाही करायची; इतक्या वर्षांचा संकोच एका सकाळी जात नाही. त्या नको म्हणाल्या, तर दोघींनी मिळून वाहू. पण त्यांना बाजूला सारून मी एकटी वाहणार नाही. तुमच्या गल्लीतही अशी एखादी मावशी, वहिनी असेलच. तिला यंदा उजाडल्यावर, सगळ्यांदेखत रांगोळी काढायला बोलवा.