भंगारातील कला आणि आपले कर्तव्य

घरात नवा दूरदर्शन संच आला की जुना माळ्यावर जातो. माळा भरला की भंगारवाला येतो आणि हातावर चार पैसे ठेवून ती अडगळ दृष्टीआड करतो. दृष्टीआड झाली म्हणून ती सृष्टीआड झाली असे मात्र नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद जेमतेम २२ टक्क्यांची आहे.

या अडगळीतून प्रेक्षकाच्या स्पर्शाला, आवाजाला प्रतिसाद देणाऱ्या कलाकृती घडविण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. तिचा उगम जुना आहे. नाम जून पाइक या कोरियन कलावंताने १९६३ साली जर्मनीतील वुपर्टाल येथे वापरलेल्या दूरदर्शन संचांच्या अंतर्भागात फेरफार करून ते प्रदर्शनात मांडले. १९६५ साली त्याने एका संचावर भलेमोठे लोहचुंबक ठेवले. चुंबकामुळे चित्रनलिकेतील इलेक्ट्रॉनांचा झोत वाकतो. त्यामुळे चुंबक सरकविताच पडद्यावर नवी आकृती उमटे. जो संच घरोघरी लोकांना गप्प बसवून ठेवतो, तोच येथे प्रेक्षकाच्या हाताची आज्ञा पाळू लागला. या कलेचे मर्म हेच, असे आम्ही समजतो.

परंतु कलेने कचरा संपेल हा भ्रम कोणी बाळगू नये. २००५ साली इंग्लंडमध्ये टाकाऊ उपकरणांचा सात मीटर उंचीचा पुतळा उभारण्यात आला. त्याचे वजन ३.३ टन होते. एक ब्रिटिश नागरिक आयुष्यभरात एवढा कचरा टाकतो, हे त्यातून दाखवावयाचे होते. एका माणसाच्या कचऱ्याचा एक पुतळा, हे प्रमाण धरले तर पुतळ्यांना पृथ्वी अपुरी पडेल! कलेने डोळे उघडावेत; झाडू मारण्याचे काम तिच्यावर लादू नये. ज्यांची उपकरणे दुरुस्त होऊ शकत नाहीत, त्याच कंपन्या अशा प्रदर्शनांच्या आश्रयदात्या होऊन पुण्य पदरात पाडू पाहतील, तर रसिकांनी त्यांना जाब विचारला पाहिजे.

गोमंतकात या कलेला भूमी तयार आहे. चवथीचे हलते देखावे आणि दिवाळीच्या आदल्या रात्रीचे नरकासुर घडविणारे तरुण मोटार, तारा, दिवे यांच्याशी लीलया खेळतात. त्यांची ही हातोटी कला महाविद्यालयाने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी जोपासावी. मात्र जुन्या चित्रनलिकेच्या काचेत शिसे असते आणि प्लॅस्टिकच्या आवरणाच्या तारा जाळल्या तर विषारी धूर निघतो. तेव्हा सुरक्षिततेचे शिक्षण आधी आणि प्रदर्शन नंतर, हा क्रम सुटता कामा नये. नरकासुराबरोबर तारा जाळणे तर सर्वथा निषिद्ध मानले पाहिजे.

१ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या केंद्रीय नियमांनी या कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कागदावरील हा नियम पंचायतीच्या दारापर्यंत आणणे सरकारचे काम आहे. प्रत्येक गावात संकलनाचा दिवस ठरवावा. त्यातून निवडक वस्तू शिकाऊ कलावंतांना द्याव्यात, उर्वरित अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे जाव्यात. माळ्यावरील अडगळ खाली उतरविण्याचे काम मात्र नागरिकांचेच. ते कोणताही कायदा करून देणार नाही.